अब्बा आले तर

गुलमंडीच्या बाजारात सीताफळांच्या पाट्या आल्या, की त्या पिकल्या वासानं मी पुन्हा वर्गात जाऊन बसतो. निजामाचं राज्य संपवणाऱ्या पोलीस ॲक्शननंतरचं साल होतं. मास्तर इंग्रजीतली जर-तरची वाक्यं शिकवत होते. एकानं आपल्या घराबद्दलचं वाक्य सांगायचं आणि साऱ्या वर्गानं ते एका सुरात म्हणायचं, अशी त्यांची रीत. माझ्या शेजारचा मित्र उठला अन् इंग्रजीत म्हणाला, अब्बा आले तर आम्ही सीताफळं खाऊ. दरसाल दौलताबादहून पाटी आणणारे त्याचे अब्बा त्या धामधुमीत बेपत्ता झाले होते. थांबा म्हणून मास्तरांनी हात वर केला, पण तोवर आम्ही सवयीनं ते वाक्य म्हणून मोकळे झालो होतो. मधल्या सुट्टीत मी त्याच्यापुढं सीताफळ धरलं. "आत्ता नको रे," तो म्हणाला, "समद्यांनी मिळून दुआ मागितली ना, आता येतील अब्बा." अजूनही सीताफळ फोडण्याआधी मी ते वाक्य म्हणतो, एकटाच.