तुर्की, ख्मेर आणि आमच्या घरातला अबोला

आबा म्हणजे माझे वडील, भोरचे निवृत्त शाळामास्तर. म्हातारपणी त्यांनी मोबाईलवरून दोन भाषा शिकायला घेतल्या, तुर्की आणि कंबोडियातली ख्मेर. वहीच्या डाव्या पानावर एक, उजव्यावर दुसरी. तुर्कीत म्हणे ‘आमच्या घरांतून’ हा एकच लांबलचक शब्द, सगळं घराला चिकटलेलं. ख्मेरमध्ये प्रत्येक शब्द सुटा, शेजारी बसेल पण चिकटणार नाही. हे ते मला तासन्‌तास ऐकवायचे.

आईशी मात्र पंधरा वर्षं अबोला. कशावरून, ते दोघांनाही धड आठवत नव्हतं. ती समोर बसलेली असली तरी मलाच म्हणायचे, “तिला सांग, चहा टाक.” तीही मलाच म्हणायची, “त्यांना सांग, दूध न्हाई.” परक्या देशांच्या भाषा कसल्या शिकता, असं मनात यायचं. आमचं घरच ख्मेर होतं.

आई गेली. तिला पोचवून आलो, शेजारणीनं पिठलं-भात आणून ठेवला होता. आबांनी सवयीनं वही उघडली आणि मान वर न करता म्हणाले, “तिला सांग, चहा टाक.”

मी तडकले. “आता तुमचं तुमी जाऊन सांगा.”

तेव्हापासून ते माझ्याशीही बोलत नाहीत. आणि निरोप न्यायला मधे कोणी उरलेलं नाही.