मुठीतलं कुटार

वहिनी गेल्याचा फोन आला तेव्हा मी मेहकरला, कोंबडीखाद्याच्या दुकानात उभा होतो आणि माझ्या हातात पिल्लांच्या सर्दीच्या औषधाची बाटली होती. ती त्यांनीच आणायला सांगितली होती, आदल्या संध्याकाळी, पलंगावर पडल्या पडल्या. 'भाऊजी, बाटली आना. अन् तारीख पाहून घ्या, मागच्यावानी जुनी नका आनू.' मी चष्मा कपाळावर चढवून ती बारीक अक्षरातली तारीखच शोधत होतो. फोन सोनालीचा होता, वहिनींच्या सुनेचा. ती नुसतं 'काका' म्हणाली... तिच्या मागे पिल्लांचा चिवचिवाट ऐकू येत होता, म्हणजे ती शेडपाशी उभी राहून बोलत होती. घरात माणसं जमली असणार आणि बोलायला तिला तेवढीच जागा सापडली असणार. दुकानदाराने विचारलं, 'घ्याची का राहू देऊ?' मी म्हणालो, 'द्या.' साखरखेर्ड्याच्या एसटीत ती बाटली मांडीवर धरून मी बसलो होतो. रडू आलं नाही. राग आला होता. खरं सांगायचं तर अजून गेलेला नाही.

सुमनवहिनी माझ्या थोरल्या भावाची बायको. भाऊ लवकर गेला. माणूस गेल्यावर घरात काय काय होतं ते सगळं त्या घरात झालं, ते इथे सांगत बसत नाही. वहिनींनी गावाबाहेरच्या वावरात पत्र्याचं एक शेड उभं केलं आणि गावरान कोंबडीची पिल्लं वाढवायला घेतली. एका दिवसाची पिल्लं खोक्यांतून यायची, महिनाभर ती जगवायची आणि आजूबाजूच्या गावांतल्या बायाबापड्यांना अंगणात पाळायला विकायची. ऐकायला सोपं वाटतं. पण एका दिवसाचं पिल्लू म्हणजे मुठीएवढा कापूस आणि त्यात एक जीव. मी तहसीलातली कारकुनी संपवून गावी परतलो आणि या धंद्यात माझी नेमणूक झाली पाणक्या म्हणून. भांडी घासणे, गुळाचं पाणी करणे, आणि वहिनींची बोलणी खाणे. तिसरं काम कायमचं होतं.

पिल्लांची खोकी आली की त्या एकेक पिल्लू उचलायच्या, त्याची चोच गुळाच्या कोमट पाण्यात बुडवायच्या आणि मगच त्याला बल्बाखाली, पत्र्याच्या गोल रिंगणात सोडायच्या. 'पह्यला घोट आपल्या हातानं,' म्हणायच्या. पिल्लं बल्बाखाली एकावर एक चढून बसली तर त्यांना थंडी वाजते, पंख पसरून कडेला पळाली तर उकडतं. विष्ठा वाळून बूड चिकटलं असेल तर कोमट पाण्याने पुसायचं, ओढायचं नाही. हे सगळं हळूहळू मलाही समजू लागलं. पण त्यांची खरी परीक्षा दारात असायची. सकाळी शेडच्या दारात उभं राहायचं आणि श्वास रोखायचा. माझा, त्यांचा, सोनालीचा, सगळ्यांचा. एकदा तर पशुवैद्यक डॉक्टर आले होते, त्यांनाही हाताने खूण करून गप्प केलं आणि तेही बिचारे गाल फुगवून उभे राहिले. आपल्या श्वासाचा आवाज मधे आला की पिल्लांचा ऐकू येत नाही, असं वहिनींचं म्हणणं. त्या गप्पपणात, चिवचिवाटाच्या खाली, कुठेतरी बारीक घरघर आहे का, शिंक आहे का, ते त्या ऐकायच्या. घरघर ऐकू आली की मात्र त्यांच्या चेहऱ्यावर काळजीबरोबर थोडा दिलासाही दिसायचा. 'आवाज हाये तं विलाज हाये, भाऊजी.' सर्दी असते, औषध पाण्यातून देता येतं, खिडकीचा पडदा वर करून हवा खेळवता येते. वाचतात पिल्लं.

विलाज नसलेला आजार आम्ही एकाच खेपेला पाहिला. त्याला कारण आमचंच कुटार. शहाण्या पुस्तकात लिहिलेलं असतं की पिल्लांखाली भाताचं तूस अंथरा. आता आमच्या भागात भात पिकतो का? सोयाबीन पिकतं. मळणी झाली की सोयाबीनच्या कुटाराचे, म्हणजे भुशाचे, ढीग प्रत्येकाच्या वावरात पडलेले असतात, तेच सगळे अंथरतात, आम्हीही अंथरायचो. त्या वर्षी अवकाळी पाऊस आला आणि ताडपत्रीखालचं कुटार भिजलं. वहिनींनी ते उन्हात पसरलं, हाताने वरखाली केलं, चांगलं खणखणीत वाळवलं. वाळलं म्हणजे झालं, असं आपल्याकडे कोणीही म्हणेल. पापड वाळतो, मिरची वाळते, कुटार का नाही वाळणार? पण बुरशी आत बसलेली होती, उन्हाने ती मेली नव्हती, नुसती कोरडी झाली होती.

त्यानंतर जे पाहिलं ते... माझ्या डोळ्यांसमोरून ते जात नाही. पिल्लं चोच उघडायची. मान वर करून, आ करून हवा ओढायची आणि आवाज काहीच नाही. घरघर नाही, शिंक नाही. नुसत्या उघड्या चोची, बल्बाच्या पिवळ्या उजेडात. वहिनी दारात श्वास रोखून उभ्या राहिल्या आणि कितीतरी वेळ तशाच राहिल्या. मग म्हणाल्या, 'भाऊजी, मले काहीच आयकू येऊन नाही राह्यलं.' डॉक्टरांनी एक मेलेलं पिल्लू चिरून दाखवलं. त्याच्या इवल्याशा फुप्फुसावर पिवळट पांढरे दाणे होते, ज्वारीच्या कण्या असाव्यात तसे. 'याला औषध नाही,' ते म्हणाले. 'अंथरलेलं सगळं काढा, जाळा, शेड धुवा. ज्यांच्या आत गेलंय ती राहत नाहीत.' बहुतेक सगळी गेलीच. वहिनी त्या दिवशी जेवल्या नाहीत, दुसऱ्या दिवशी जेवल्या, आणि तिसऱ्या दिवशी त्यांनी ती सवय लावून घेतली, जिच्याबद्दल लिहायला मी बसलो आहे.

प्रत्येक पोत्यात त्या कोपरापर्यंत हात घालायच्या, तळाचं कुटार मूठभर बाहेर काढायच्या, ती मूठ नाकाला लावायच्या आणि खोल श्वास घ्यायच्या. वरवरचा नाही. छातीच्या तळापर्यंत, डोळे मिटून. ओल्या भिंतीचा, जुन्या रजईचा जरासा वास आला की पोतं बाजूला. मी एकदा म्हणालो, 'वैनी, मी पाहतो ना, द्या इकडं.' मला लहानपणापासून नाकाचा त्रास, अत्तराची बाटली सांडली तरी पत्ता लागत नाही. त्या हसल्या. 'तुमचं नाक देवानं चष्मा ठेवाले देल्लं हाये, भाऊजी. वास घ्याचं काम आमचं.' सोनालीलाही त्या हात लावू द्यायच्या नाहीत, तिला म्हणायच्या, 'तुले कळत नाही अजून.' वर्षानुवर्षं हे चाललं. पुन्हा कधी तो आजार आमच्याकडे आला नाही. आजूबाजूच्या शेडांत आला, आमच्याकडे नाही. लोक म्हणायचे, सुमनबाईच्या हाताले गुण हाये. गुण हाताला नव्हता.

खोकला कधी सुरू झाला ते कोणालाच नीट सांगता येत नाही. कोरडा होता, धुळीचा असेल म्हणून सोडून दिला. मग विहिरीपासून शेडपर्यंत येताना त्या मधे थांबायला लागल्या आणि थांबायचं निमित्त शोधायला लागल्या. चपलेत खडा गेला, पदर अडकला, तिकडं कोण चाललं पाहा बरं. शेवटी मी आणि सोनालीने त्यांना शहरातल्या मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर तरुण होते, शांतपणे बोलणारे. त्यांनी छातीची फिल्म उजेडावर लावली आणि काम काय करता म्हणून विचारलं. वहिनींनी सांगितलं. पाखरांची धूळ, कुसलेल्या कुटाराची धूळ, आत जाऊन जाऊन फुप्फुस कडक होत गेलंय, डॉक्टर म्हणाले. झालं ते मागे फिरणार नाही, पण आता शेड सुटलं तर पुढचं थांबेल. वहिनींचं लक्ष त्यांच्याकडे नव्हतं. त्या उठून फिल्मजवळ गेल्या, पांढऱ्या ठिपक्यांवर बोट फिरवलं आणि माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, 'भाऊजी... ह्या तं कण्या हायेत.'

घरी येताना चिखलीच्या पुढे आल्यावर त्या म्हणाल्या, 'सोडलं शेड.' आणि सोडलं, हे कबूल करायला पाहिजे. डॉक्टरांनी दिलेला जाड मास्क त्यांनी शेडच्या दाराच्या खिळ्याला टांगला. 'मले नाही आता जाचं, मंग हे लावून काय करू? राहू दे इथं.' त्या बाहेर बाजेवर बसून सोनालीला सूचना द्यायच्या. पिल्लं कशी बसली? बूड पाह्यलं का? मी मनातल्या मनात नवस फेडून टाकला. बाई सुटली म्हणालो.

मग नवीन खेपेसाठी कुटाराची पोती आली. मी पाणी भरून परतत होतो. वहिनी पोत्यांपाशी उभ्या होत्या, एक हात कोपरापर्यंत आत. मूठ बाहेर आली, नाकाला लागली, आणि त्यांनी श्वास घेतला... तो पुरता आत गेलाही नाही. मधेच तुटला. भिंतीला टेकून त्या खोकत राहिल्या, पण मूठ काही सोडली नाही. मी ओरडलो. आयुष्यात पहिल्यांदा वहिनींवर ओरडलो. 'काय करून राह्यल्या तुम्ही? मराचं हाये का?' त्यांनी दम घेतला, मूठ पोत्यात रिकामी केली, आणि म्हणाल्या, 'मंग कोन पाहीन? तुमचं नाक?' हे त्या हसून म्हणाल्या. त्या हसल्या, याचाच मला राग आहे. ज्या बाईला पिल्लाच्या छातीतलं सगळं कळत होतं, तिला स्वतःच्या छातीची किंमत एका पोत्याएवढी वाटू नये? पिल्लं मेली असती तर मेली असती, पुढची खेप आणली असती. वहिनी कुठून आणायच्या?

त्यानंतर त्यांनी अंथरूण धरलं. घरात ऑक्सिजनचं यंत्र आलं, दिवसभर घोंघावायचं. शेवटच्या आठवड्यात एका दुपारी वीज गेली आणि यंत्र थांबलं. त्या घरघरीची सवय झालेल्या खोलीत एकदम शांतता पसरली. वहिनी उठून बसल्या, मान वर केली आणि तोंड उघडलं. मी दारात होतो. मला ते कुठे पाहिलं होतं हे आठवायला वेळ लागला नाही. वीज लगेच आली, पण तेवढ्यात त्यांनी सोनालीला खुणेने जवळ बोलावलं. 'पाठीले कान लाव व माय. आवाज येते का पाह्य.' सोनालीने त्यांच्या पाठीला कान लावला, श्वास रोखला, जसं तिला शिकवलं होतं तसं. मीही नकळत रोखला. 'नाही आई,' ती म्हणाली, 'काहीच नाही येत.' तिला वाटलं, चांगलं सांगतेय. वहिनींनी माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली, एखाद्या खेपेचा निकाल लागल्यावर हलवायच्या तशी.

आता घरात कोणी जांभई दिली तरी मी दचकून त्याच्याकडे पाहतो. शेजारचं लेकरू तोंड उघडं टाकून झोपतं, तर मी त्याच्यापाशी उभा राहतो, घोरतंय का ते ऐकत. घोरलं की जीव भांड्यात पडतो.

तेरवी झाली, आणि काही दिवसांनी सोनाली म्हणाली की खेप मागवलीय. मी नको म्हणालो. ती म्हणाली, 'काका, आईचं एवढं एकच तं हाये.' पोती आली. मी गूळ फोडत बसलो होतो, सहज वर पाहिलं. सोनाली पोत्यापाशी वाकलेली, हात कोपरापर्यंत आत, डोळे आधीच मिटलेले. मूठ बाहेर आली आणि वर निघाली. माझं वय विसरून मी धावलो. तिचं मनगट धरलं आणि दाबलं, इतकं की तिची मूठ उघडली आणि कुटार दोघांच्या पायांवर सांडलं. 'मंग कसं कळन काका?' ती रडवेली झाली होती. 'पिल्लं मरतीन ना.'

'मरू दे,' मी म्हणालो. 'तू नाही.'

मग मी तिला सांगितलं की भिजल्याचा नुसता संशय आला तरी पोतं जाळायचं, चांगलं असलं तरी जाळायचं, आणि तूस लागलं तर मी बाहेरून आणीन, माझ्या पेन्शनमधून आणीन. आणि शेडच्या दाराकडे बोट दाखवलं. खिळ्याला तो मास्क अजून तसाच होता, घडीसुद्धा न मोडलेला, वर धुळीचा थर. सोनालीने तो काढला, झटकला, पाण्याने पुसला आणि तोंडाला बांधला. नुसते डोळे उरले. त्या डोळ्यांनी तिने मला खूण केली आणि आम्ही दोघं दारात उभे राहिलो. श्वास रोखला. आत आधीच्या खेपेतली, विकायची राहिलेली पिल्लं बोलत होती, सगळी, चढाओढीने. मी त्याच्या खाली ऐकत राहिलो, आणखी खाली, जिथे काहीच ऐकू येत नाही तिथे... वहिनी तिथे असतील असं वाटत होतं. छाती दुखायला लागली तरी मी ऐकतच होतो.

सोनालीने माझ्या दंडाला हात लावला.

'काका,' ती मास्कच्या आडून म्हणाली, 'सोडा आता श्वास.'