कॅमेरा खाली आला त्या सोमवारी

सांगलीच्या ज्या दवाखान्यात मी काम करते, तिथं माझ्या हुद्द्याला धड नाव नाही. हजेरीपुस्तकात 'छायाचित्रकार' असं लिहिलंय आणि वॉर्डातल्या बायका 'फोटोवाली बाई' म्हणतात. लग्नाआधी मी साताऱ्यात वडिलांच्या स्टुडिओत पासपोर्ट फोटो काढायची. लग्न होऊन सांगलीला आले, पुढं वडील गेले आणि स्टुडिओ बंद पडला. भाजलेल्या बायकांच्या वॉर्डाला फोटो काढणारी बाई हवी आहे, असं कुणीतरी सांगितलं म्हणून गेले. दुसऱ्या कुणाचा अर्जच नव्हता.

काम ऐकायला सोपं होतं. दर सोमवारी ड्रेसिंग उघडलं की जखमेचा फोटो घ्यायचा. गेल्या सोमवारी होता तोच कोन, तेच अंतर, तोच उजेड. जखमेशेजारी एक छोटी फूटपट्टी ठेवायची आणि चेहरा फोटोत येऊ द्यायचा नाही. आमच्या डॉक्टरबाई दोन आठवड्यांचे फोटो शेजारी शेजारी लावून बघायच्या, की बसवलेली कातडी किती धरली आणि किती सुटली.

वडिलांचा ट्रायपॉड मी बरोबर आणला होता. त्यावर कॅमेरा बसतो ते डोकं जुन्या पद्धतीचं, तीन दांड्यांचं. एक दांडा वर-खाली करायला, एक डावी-उजवीकडे आणि एक तिरकं करायला. भक्कम होतं, पण तिन्ही दांडे फिरवून कोन जुळेपर्यंत पाच मिनिटं जायची. उघड्या जखमेला पंख्याचा वारासुद्धा झोंबतो. ती पाच मिनिटं बायका दात आवळून छताकडं बघत पडून असायच्या. "मॅडम, जरा लवकर," सिस्टर हळूच म्हणायच्या.

म्हणून मी बॉल हेड घ्यायचं ठरवलं. त्यात दांडे नसतात, एक गोळा असतो. बाजूची खिट्टी सैल केली की कॅमेरा हवा तसा वळतो, आवळली की तिथंच थांबतो. अर्ध्या मिनिटाचं काम. मोबाइलवर बघून मी एक मागवलं. सुबक होतं, हलकं होतं, किती वजन पेलतं ते खोक्यावर छापलेलं होतं. मी ते वाचलं आणि विश्वास ठेवला. दोन सोमवार ते नीट चाललं.

तिसऱ्या सोमवारी ती माझ्यासमोर आली.

ती कडेगावकडच्या एका गुऱ्हाळावरून आली होती. वय तिशीच्या आसपास. नवरा-बायको मूळची आटपाडीकडची, घरात पिढ्यान्पिढ्या मेंढरं. कळप विकल्यापासून दोघं हंगामाला गुऱ्हाळावर कामाला यायची. तो चुलवणाला जाळ घालायचा, ती उकळत्या रसावरची मळी काढायची. काहील, म्हणजे रसाची मोठी कढई, उतरवायच्या वेळी तिचा पाय घसरला आणि उजवा हात, मान आणि छातीचा थोडा भाग पाकानं भाजला. उकळतं पाणी अंगावरून ओघळून तरी जातं. गुळाचा पाक चिकटून बसतो आणि भाजतच राहतो. गावातल्या दवाखान्यात तो काढायला तासभर लागला, असं तिचा नवरा सांगत होता.

मांडीची कातडी काढून तिच्या हातावर बसवली होती आणि त्या सोमवारी ती पहिल्यांदा उघडली. कोपरावरचं नवं कातडं सायीसारखं पातळ होतं. मी ट्रायपॉड खाटेला भिडवला, कॅमेरा खाली वाकवला आणि खिट्टी आवळली. लेन्सच्या टोकाला गोल दिवा बसवलेला होता आणि तो दिवा तिच्या कोपरापासून जेमतेम वीतभर वर होता. फोकस बघितला, ठीक होता. फूटपट्टी घ्यायला मी ट्रेकडं वळले.

कसलाच आवाज झाला नाही. मी परत वळले तेव्हा कॅमेरा पेंगुळलेल्या माणसाच्या मानेसारखा खाली येत होता, अगदी सावकाश. मी झडप घातली, पण तोवर दिव्याची कड तिच्या कोपरावर टेकली होती.

ती आधी ओरडलीच नाही. तिनं डोळे विस्फारून माझ्याकडं बघितलं आणि मग जो आवाज काढला तो मी कुणाच्या तोंडून परत ऐकलेला नाही. दाराबाहेरून तिचा नवरा धावत आला. "काय केलं वो? काय केलं तिला?" सिस्टरनी त्याला धरून बाहेर नेलं. दिव्याच्या कडेला ओलं काहीतरी लागलं होतं. कॅमेरा पोटाशी धरून मी त्याकडं बघत उभी राहिले. बाहेरून त्याचा आवाज येत होता, "त्या बाईला परत आत घिऊ नगा."

पुढच्या ड्रेसिंगला कोपरावरचं कातडं सुटलेलं निघालं. डॉक्टरबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "कोपरावर असंही धरायला अवघडच असतं. तिथं कदाचित तसंही सुटलं असतं. मनाला लावून घेऊ नका." त्या चांगल्या मनानं बोलल्या, पण त्यांचं ते 'कदाचित' मी घरी घेऊन आले. त्या आठवड्यात तिच्या हाताचा फोटो सिस्टरनी मोबाइलवर काढला. मी वॉर्डाच्या त्या टोकाला गेलेच नाही.

रविवारी एसटीनं साताऱ्याला गेले. पोवई नाक्याजवळ माझ्या वडिलांचे एक मित्र आहेत, सत्तरी ओलांडलेले, कॅमेरे दुरुस्त करतात. माझं नवं बॉल हेड त्यांच्या टेबलावर ठेवलं. काय झालं ते सांगितलं नाही, मी नुसतं म्हणाले, "काका, हे घसरतंय."

त्यांनी खिट्टी फिरवली, गोळ्यावरून बोट फिरवलं आणि बोटाचा वास घेतला. "तेलकट हाय गं ह्यो. तुज्या वॉर्डात उकडतं का?"

"उकडतं की. भाजलेल्यांना थंडी वाजते, म्हणून एसी कमीच लावतात."

"मग ह्ये तेल पातळ हुतंय. आन गोळा बघ, लिंबाएवढा बी न्हाई."

"पण वजन पेलतंय असं खोक्यावर लिहिलंय."

"त्ये सरळ उभ्या कॅमेऱ्याचं लिवलंय, पोरी. वाकलेल्याचं कोण लिवतंय?"

मग त्यांनी कपाटातून आणखी तीन बॉल हेड काढली. माझाच कॅमेरा, माझीच लेन्स आणि तोच दिवा एकेकावर चढवायला लावला. भिंतीवर खाली एक कॅलेंडर टांगलं आणि म्हणाले, "कुठलाबी एक आकडा मधोमध धर आन आवळ." पहिल्यावर खिट्टी आवळता आवळताच आकडा बाजूला सरकला. दुसऱ्यावर तो मधोमध राहिला. काकांनी चहा मागवला. चहा संपवून मी परत डोळा लावला तर आकडा अर्धा खाली गेलेला. त्या दिवशी मी ट्रेकडं वळले होते, ते इतका वेळही नव्हतं.

तिसरं वापरलेलं होतं, ओरखडे पडलेलं, हाताला चांगलंच जड. त्याचा गोळा मोठ्या पेरूएवढा. दुसरा चहा झाला तरी आकडा जागचा हलला नाही.

"तितं हातात काय घालतीस?" काकांनी विचारलं. पर्समध्ये हातमोज्यांची जोडी होती, ती मी चढवली. दुसऱ्याची बारीक खिट्टी रबरातून निसटत होती. तिसऱ्याची मोठी, खाचांची, मुठीत बसणारी. तिच्याखाली आणखी एक लहान खिट्टी होती. ती गोळ्याला थोडा ताण देऊन ठेवते. काकांनी लहान खिट्टी घट्ट केली आणि मोठी पूर्ण सैल सोडली. कॅमेरा तसाच वाकून उभा राहिला, हातानं ढकलला तेव्हाच हलला.

"मोठी आवळायची इसरलीस तरी ही धरून ठिवती. आन कवाबी तेल घालू नगंस. कोरड्या फडक्यानं पुसायचं."

तेव्हा मला रडू आलं आणि सगळं सांगून टाकलं. त्यांनी चष्मा काढला आणि पुसत बसले.

"आता कशी हाय ती?"

"माहीत नाही. गेलेच नाही तिच्याकडं."

"मंग ह्ये इकत घिऊन उपेग काय?" ते जरा कठोरच आवाजात म्हणाले. "आधी जाऊन तिला इचार."

दुसऱ्या दिवशी मी तिच्या खाटेपाशी गेले. नवरा दाराशी बसला होता, तो उठून उभा राहिला. मी त्याच्यासमोरच तिला म्हणाले, "माझ्या चुकीनं तुम्हाला लागलं. कॅमेरा बसवायला आता दुसरं, भक्कम आणलंय. तुम्ही नको म्हणालात तर मी फोटो काढणार नाही, सिस्टर मोबाइलवर काढतील."

तिला मान वळवता येत नव्हती, डोळेच वळवले. "ह्यो न्हाई न्हवं पडायचा, आक्का?"

मी माझा हात कोपरापर्यंत उघडा करून तिच्या खाटेच्या कडेवर ठेवला. कॅमेरा माझ्या हातावर वाकवला आणि मोठी खिट्टी पूर्ण सोडून दिली. आम्ही तिघंही बघत राहिलो. कॅमेरा हलला नाही. नवरा बाहेर गेला.

"काढा मग," ती म्हणाली. "पर बोलत ऱ्हावा. तुमी गप झाला की भ्या वाटतंय."

तेव्हापासून सोमवारी मी बोलत बोलत फोटो काढू लागले. काय बोलायचं ते सुचायचं नाही, मग मी पासपोर्ट फोटोला आलेल्या गिऱ्हाइकांच्या गोष्टी सांगायची. एक आजोबा फोटो काढताना डोळे घट्ट मिटून घ्यायचे, त्यांची गोष्ट तिला दोनदा ऐकायची होती. एकदा तीही बोलली. मेंढरं विकली त्या दिवशी एक मेंढी गाडीतून उडी मारून परत आली होती. "तिला परत चढवायला मीच धरली हुती," ती म्हणाली.

काम आता अर्ध्या मिनिटात व्हायचं आणि फोटो तंतोतंत जुळायचे. पण त्या जुळणाऱ्या फोटोंमध्ये जे दिसत होतं ते चांगलं नव्हतं. मनगटापाशी कातडी धरली होती, पण कोपराची जखम कडेनं पसरत चालली होती. तिची बोटं दर आठवड्याला थोडी जास्त आत वळलेली असायची. ती फोटो बघायला मागायची. मी मनगटाचा भाग मोठा करून दाखवायची, तेवढाच.

काकांकडचं हेड आणल्यापासून चौथ्या सोमवारी तिला ताप होता. मी बोलत होते आणि ती भलतंच उत्तर देत होती. दोन दिवसांनी तिला अतिदक्षता विभागात नेलं. जंतू रक्तात गेले होते. पुढच्या सोमवारी मी ट्रायपॉड घेऊन वॉर्डात गेले तेव्हा तिची गादी गुंडाळून ठेवलेली होती. सिस्टर म्हणाल्या, "काल सकाळी गेली ती." मी पुढच्या खाटेकडं गेले. तिथं माधवनगरची एक म्हातारी वाट बघत होती, तिचं ड्रेसिंग उघडून झालं होतं.

पंधरा-वीस दिवसांनी तिचा नवरा आला. डोक्याचे केस काढलेले, हातात पिशवी. मला वाटलं, भांडायला आला असेल, आणि खरं सांगते, तो भांडला असता तर मला बरं वाटलं असतं. तो संकोचून दारातच उभा राहिला.

"म्याडम, तिचा एखादा फोटू हाय का? घरात लावाया. लग्नात काढल्यालं पावसात गेलं. तुमी तर लय काढलं हुतं."

मी डॉक्टरबाईंना विचारलं, त्या हो म्हणाल्या. मी त्याला संगणकासमोर बसवलं आणि तिचे सगळे फोटो उघडले. हात, मान, परत हात. तो एकेक बघत गेला.

"तोंड न्हाई ह्यात," तो म्हणाला.

"तोंडाचा काढायचा नसतो. नियम आहे."

तो कोपराच्या फोटोवर थांबला. मग म्हणाला, "त्या दिशी म्या लय बोललो तुमास्नी. तिला आवडलं न्हाई ते. फोटोवाली बाई एकटीच बोलतीया माज्याशी, म्हनली."

कॅमेऱ्याच्या त्या धक्क्यामुळं ती गेली की नाही, हे मी त्याला विचारू शकत नव्हते आणि तोही मला विचारत नव्हता.

त्यानं पिशवीतून तिचं बँकेचं पासबुक काढलं. आत तिचा नखाएवढा फोटो होता, हनुवटीवरून बँकेचा निळा शिक्का गेलेला. तो मी स्कॅन केला आणि दुपारभर त्यावर काम केलं. गालावरची शाई काढली, पदराची कड जुळवली. कपाळ, डोळे, रुंद जिवणी हळूहळू वर आली. मी पाच सोमवार जिच्याजवळ उभी होते ती बाई दुखणं नसताना कशी दिसते, ते मला त्या दुपारी कळलं. हनुवटीवरची एक निळी रेघ काही केल्या जाईना. फार खोडलं की हनुवटीच पुसट व्हायची, म्हणून राहू दिली.

तो बाकावर बसून होता. प्रिंट हातात घेऊन त्यानं खिडकीच्या उजेडात धरली.

"हीच," तो म्हणाला. मग पासबुकाच्या दोन पानांमध्ये ठेवायला गेला, पण फोटो मोठा होता. मी त्याला एक जाड पाकीट दिलं. विट्याची गाडी किती वाजता आहे ते त्यानं विचारलं आणि तो गेला.