पदराला लागलेला खडू

वाचनालयाच्या दारातला फळा आज ग्रंथपाल देवधरबाई पदरानं पुसत होत्या. "कुणीतरी नगरसेवकाला शिव्या लिहून गेलंय," मला पाहून त्या म्हणाल्या. पूर्वी एकदा माझंही वाक्य त्यांनी असंच पुसलं होतं. मी तणतणत आत गेलो होतो. तासभर भांडलो आणि शेवटी चहा पिऊन घरी आलो.

गेल्या आठवड्यात गावातलं तळं बुजवताहेत म्हणून मी चिडून मोबाइलवरून सोशल मीडियावर चार ओळी टाकल्या. त्या गायब झाल्या. 'नियमांत बसत नाही' एवढंच उत्तर आलं. कुठली ओळ, कुणाला खटकली, काही कळेना. दाद मागितली, तर क्षणात नकार. तेवढ्या वेळात माणसाचं वाचूनसुद्धा झालं नसतं. लोकांचं लिहिलेलं पुसायचा हक्क कंपनीचा की सरकारचा, यावर म्हणे कोर्टात वाद चाललाय. चालू दे. कुणीही जिंकलं, तरी माझ्यासमोर कोण येऊन बसणार आहे?

बाईंच्या पदराला खडू लागला होता.

"बाई, तुम्ही उगाच पुसलंत," मी म्हणालो.

"असं? या आत, बोलू."

पुसलं ते बरोबरच होतं. पण कितीतरी दिवसांत माझ्याशी कुणी भांडलं नव्हतं.