शोकेसमधली बाटली

सुमित्राबाई मोहिते यांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या अंकासाठी लिहा, असा निरोप आला तेव्हा मी दिवसभर दुकानं हिंडून नुकती घरी टेकले होते. नाही म्हणावंसं वाटलं. आदर कमी म्हणून नव्हे, वाइनवर आणखी एक वाक्य लिहायचं त्राण उरलं नव्हतं म्हणून. पण बेंगळुरूच्या वाइन व्यवसायात ज्यांना सगळे अक्का म्हणतात, त्यांच्याच हाताखाली माझी सगळी नोकरी झाली. मी नाही तर कोण लिहिणार?

पुण्याहून मी इथे आले ती हॉटेल मॅनेजमेंटची पदवी आणि डोक्यात उंच दांड्याचे ग्लास घेऊन. पहिल्याच सकाळी अक्का मला यशवंतपुरातल्या एका दारूच्या दुकानात घेऊन गेल्या. आमच्या वाइन कंपनीची शहरातली सगळी विक्री त्या बघत होत्या. पण सुती साडी आणि खांद्यावरची कापडी पिशवी पाहून वाटावं, राजाजीनगरातल्या घरून भाजीला निघाल्यात. काउंटरवरचे पुरुष मुकाट बाजूला झाले. दुकानदाराने आमची वाइन दर्शनी काचेत, अगदी मधोमध मांडली होती. मला अभिमान वाटला. अक्कांनी बाटलीला हात लावून पाहिला. ती चांगली तापली होती.

पुढचं बोलणं कन्नडमध्ये झालं. मला त्यांनी ते नंतर सांगितलं.

"अण्णा, स्वल्प आत ठेवा की. ऊन लागतंय तिला."

"अक्का, उन्हात किती छान दिसते! गिऱ्हाईक बघतं."

"बघतं, घेतं आणि घरी जाऊन तोंड वाकडं करतं. परत येत नाही."

मग अक्कांनी आणि मी मिळून सगळ्या बाटल्या मागच्या खालच्या फळीवर आडव्या ठेवल्या. रिक्षात अक्का म्हणाल्या, "मान द्यायचा म्हटलं की पुढे मांडायचं, ही आपल्या लोकांची खोड गं. तिला मान नको, सावली पाहिजे."

पुढच्या आठवड्यात बाटल्या पुन्हा काचेत होत्या. वाइनच्या धंद्यात करिअर म्हणजे काय, असं कॉलेजातली मुलं मला विचारतात. त्यांना मी द्राक्षमळ्यांचे फोटो दाखवते. खरं उत्तर हे आहे: परवाने, लेबलांची मंजुरी, आणि त्याच त्या बाटल्या पुन्हा पुन्हा उन्हातून उचलणं. मला याचा कंटाळा आला आहे, आणि तो लपवण्यात आता अर्थ नाही. अक्कांना कंटाळा आलेला मी पाहिला नाही. त्यांना थकवा येतो. तो वेगळा.

एका उन्हाळ्यात कुठलासा कागद अडला आणि आमचा भरलेला ट्रक यशवंतपुरात दिवसचे दिवस तापत राहिला. माल सुटल्यावर अक्कांनी एक खोका फोडला. बुचं वर आली होती आणि वाइनला शिजलेल्या मुरंब्याची चव होती. "बाहेरून कुठे कळतंय? जाऊ दे माल," असं वरून सांगण्यात आलं. अक्कांनी एक बाटलीसुद्धा दुकानात जाऊ दिली नाही. पहिल्यांदा वाइन घेणाऱ्याला हीच वाइन वाटेल आणि तो जन्मभर नाव घेणार नाही, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. दक्षिण विभागाच्या प्रमुखाची जागा त्यांना मिळणार हे जवळपास ठरलं होतं. ती दुसऱ्याला गेली. मीच चिडले, तर मला म्हणाल्या, "त्यांना माझा राग आला. मला शांत झोप लागली. सरी, ठीक आहे."

माझे वडील पुण्यात दवाखान्यात होते, तेव्हा माझ्या वाट्याची येलहंक्याची दुकानंही अक्का करत राहिल्या. हे मला त्यांनी सांगितलं नाही. परत आल्यावर दुकानदारच विचारू लागले, "मोठ्या अक्का का नाही आल्या?" त्या दिवशी मी रस्त्यात रडले. संध्याकाळी ऑफिसात विषय काढला, तर अक्कांनी डब्यातली चिरोटी पुढे केली आणि तो बदलला.

आता अक्कांचे गुडघे गेलेत. डॉक्टरांनी उभं राहणं बंद करायला सांगितलं आहे. ऑफिसातल्या नव्या मुलांनी तोडगा काढला, की दुकानदारांनी बाटल्यांचे फोटो पाठवावेत. फोटो फार सुंदर येतात. ऊन चांगलं असतं ना! तेव्हा यशवंतपूरची फेरी अक्का सोडत नाहीत. पुढे ती कोण घेणार, असं त्या विचारत नाहीत, फक्त माझ्याकडे पाहतात. मी फोनमध्ये डोकं घालते. नोकरी सोडून पुण्याला परत जावं, हे माझ्या मनात कधीपासून आहे, आणि ते त्यांनी ओळखलेलं आहे.

या सत्कारालाही त्या तयार नव्हत्या. "मला कशाला शोकेसमध्ये बसवता?" म्हणाल्या. आम्ही हसण्यावारी नेलं.

गेल्या आठवड्यात मी त्यांच्याबरोबर फेरीला गेले. तेच जुनं दुकान, आता दुकानदाराचा मुलगा गल्ल्यावर. बाटल्या काचेत, उन्हात. अक्कांनी त्या एकेक करून उचलल्या. खालच्या फळीपाशी आल्या आणि त्यांना वाकता येईना. काउंटरला धरून त्या नुसत्या उभ्या राहिल्या, हातात तापलेली बाटली. मला ते बघवेना. मी ती घेतली, वाकले, आडवी ठेवली. मग दुसरी दिली त्यांनी.

तेव्हा अक्का, तोंडावर जे जमलं नाही ते इथे चारचौघांत लिहिते. पुण्याचं नंतर बघू. सोमवारपासून यशवंतपूर माझं.

तुम्हाला उदंड आयुष्य मिळो, गुडघ्यांना आराम पडो. सत्काराचा एक दिवस आमच्यासाठी उजेडात बसा. दुसऱ्या दिवसापासून मात्र घरात, गार जागी, पाय लांब करून पडायचं. एवढी वर्षं तुम्ही बाटल्या सावलीत ठेवल्यात, आणि तुम्हाला उन्हातून उचलायचं आमच्यापैकी कुणाला सुचलं नाही.