काकाजींचा डावा हात

आमगावातली आमची रेकॉर्डिंगची खोली दहा बाय दहाची. मूळची धान ठेवायची. एवढ्याशा खोलीत बेस, म्हणजे खालचा घुमणारा आवाज, कोपऱ्यांत साचतो आणि कानाशी चक्क खोटं बोलतो. आहे त्यापेक्षा जास्त ऐकू येतो, म्हणून मिक्स करताना आपण तो कमी करतो, आणि तेच गाणं बाहेर मैदानात वाजलं की पोकळ निघतं. यावर उपाय म्हणजे मॉनिटर स्पीकरच्या पाठीमागचं बेसचं बटन खाली उतरवायचं, ओळखीची गाणी ऐकत ऐकत जमवायचं, आणि एकदा जमलं की त्याला हात लावायचा नाही. मला ते जमवायला पंधरा दिवस लागले. मागच्या भिंतीला धानाची पोती रचली की खोली आणखी ताळ्यावर येते, हेही तेव्हाच कळलं. फोमबिम आणायला नागपूरला कोण जातो!

खोली दोघांची, माझी आणि माझ्या मित्राची. पहिलीपासून एका बाकावर बसलेलो आम्ही. मी मिक्स करायचो, तो गिऱ्हाईक सांभाळायचा. बटनाला हात लावू नको, हे त्याला मी एकदा नाही, दहादा बजावलं होतं.

दिवाळीच्या तोंडावर आमच्या गावच्या दंडारीची, म्हणजे आमच्याकडच्या नाच-सोंगांच्या खेळाची, गाणी रेकॉर्ड केली. ढोलकीवर काकाजी. ते माझ्या नात्यातले नाहीत, पण मला ढोलकी त्यांनीच शिकवली. सत्तरी ओलांडलेला माणूस, पण डाव्या हाताचा घुमारा असा की समोरच्याच्या छातीत जाऊन बसावा. मिक्सला बसलो तर तो घुमारा मला फारच वाटला. पोती जागेवर होती, बटन जागेवर आहे असं मी धरून चाललो, म्हणजे जास्त आहे तो घुमाराच. मी तो उतरवला. बराच उतरवला.

दिवाळीनंतर मंडई भरली, म्हणजे आमच्याकडची जत्रा, आणि गावात मोठ्या स्पीकरांवर ती गाणी लागली. उजव्या हाताची टणटण तेवढी ऐकू येत होती. डावा हात नव्हताच. काकाजी खुर्चीवर बसून दोन गाणी ऐकत राहिले. मग आपला डावा तळवा उघडून बघितला आणि म्हणाले, "डावा गेला बाप्पा माझा. मले समजलंच नाही."

माझा मित्र त्यांच्या शेजारीच उभा होता. तो म्हणाला, "वय झालं आता काकाजी. किती वाजवसान? आराम करा."

चूक कुठे झाली ते मलाच कळत नव्हतं. दुसऱ्या दिवशी काकाजींनी दंडारीच्या मंडळींना दुसरा ढोलकीवाला बघायला सांगितलं. मी मात्र आठवडाभर पोती इकडची तिकडे करत बसलो. कानाच्या डॉक्टरकडेही जाऊन आलो, इतका माझा स्वतःवरचा भरोसा उडाला होता.

मग लग्नाचं गाणं करायला एक गिऱ्हाईक आलं. ऐकून म्हणालं, "मजा नाही येऊन राहिली. मागचं बटन फिरवा ना. दिवाळीआधी आलो होतो तेव्हा तुमच्या दोस्तानं फिरवलं तं कसा दणका आला होता." मी स्पीकरमागे वाकून बघितलं. मी जमवलेल्या जागेपासून बटन दोन घरं वर होतं. दणका मागणाऱ्यासाठी तेही कमी पडत होतं, आणि त्याच आवाजावर मी काकाजींचा हात कापला होता.

मित्राला विचारलं. तो नाही म्हणाला नाही. "फिरवलं होतं. खाली करायचं राहून गेलं. मंडईत ऐकलं तेव्हा आठवलं."

"मग तेव्हा बोलला काऊन नाही बे?"

"चारचौघांत आपल्याच धंद्याची इज्जत गेली असती. अन् म्हाताऱ्याचं काय, आज ना उद्या सोडणारच होता."

बटन विसरला, ते मी सोडून दिलं असतं. पण सगळं माहीत असताना तो त्या माणसाच्या शेजारी उभा राहून 'वय झालं' म्हणाला. तीस वर्षांचा दोस्त माझा. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, आणि लाज वाटली ती वेगळीच. त्याच संध्याकाळी त्याला म्हटलं, उद्यापासून येऊ नको.

बटन खाली आणलं, दंडारीची गाणी नव्यानं मिक्स केली आणि स्पीकर उचलून काकाजींच्या ओसरीवर नेला. बटनाची सगळी गोष्ट सांगितली. चूक माझी होती, तुमचा हात जसा होता तसाच आहे, म्हटलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं. घुमारा पूर्ण होता, ओसरीवरचे गिलास थरथरत होते.

गाणं संपल्यावर त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

"मशीननं छान टाकला रे हात," ते म्हणाले. "तुले वाईट वाटून राहिलं म्हणून केलं ना? मले समजते."