हजेरीत नाव नसलेला टर्नर

पितळेचा कीस दिसला की ती घटना आजही आठवते, आणि थोडी लाजही वाटते. राज्यांची पुनर्रचना झाली तसा बेळगावकडचा मी म्हैसूर राज्याच्या पोलिसात आलो आणि पुढे बंगळुरात, बसवनगुडीच्या बाजूला, फौजदार झालो. मराठी माणसाचा कागद आला की ठाण्याचा रायटर तो न वाचताच माझ्या टेबलावर ठेवी.

असाच लेथवर काम करणाऱ्या एका टर्नरचा कागद आला. सरकारी कारखान्यात त्याची निवड झाली होती आणि चारित्र्य पडताळणी आमच्याकडे होती. त्याच आठवड्यात एक निनावी पोस्टकार्ड आले. ‘हा इसम तीन वर्षे बेकार आहे. तरी रोज डबा घेऊन बाहेर पडतो. परततो तेव्हा कपड्यांत पितळेचा कीस असतो.’ त्या दिवसांत आमच्या हद्दीत नळाच्या पितळी तोट्या चोरीला जात होत्या. मी दोन्ही कागद एकाच टाचणीला लावले.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी त्याला बोलावले. पस्तिशीचा, निपाणीकडचा माणूस. सदरा धुवट, पण कॉलर उलटून शिवलेली.

“तीन वर्षं रोज कुठं जात होतास?”

“चोरी केली न्हाई, साहेब.”

“मी ते विचारलं नाही.”

“तेवढं विचारू नका. रुजू व्हायला चार दिवस राहिलेत. ही पण गेली तर मला पुन्हा कोण घेणार हो? बायकोनं शिलाई करून घर ओढलंय.”

“मग सांग की!” मी टेबलावर हात आपटला. त्याने नकारार्थी मान हलवली. खरा चोर गोष्ट तयार ठेवून येतो. याच्याकडे गोष्टच नव्हती. मला मात्र तो कोडगेपणा वाटला. प्रतिकूल शेरा लिहायला मी टाक उचललाही.

थांबलो ते सदऱ्यामुळे. तोटी करवतीने कापली तर भुसा पडतो. याच्या शिवणीत अडकलेली होती ती बारीक वळी, लेथवर धातू कातताना निघते तशी. त्याला बाकावर बसवून दुपारी पेठेतले छोटे कारखाने पालथे घातले. चौथ्या ठिकाणी टर्नरचे वर्णन सांगितले तेव्हा मालक म्हणाला, “इल्ला सार, असा कोणी नाही, माझ्याकडे दोनच कामगार. हजेरी बघा.”

हजेरीत दोनच नावे होती, दोन्ही कन्नड. पण खंडेनवमीच्या आयुधपूजेची फुले तीन लेथांवर होती. कोपऱ्यातल्या जुन्या लेथच्या हत्यारपेटीवर खडूने एकाच्या आकड्यांची सरस्वती काढलेली होती. पाटीपूजनाला आपल्या घरी काढतात, तीच. या कन्नड मालकाच्या कारखान्यात ती कोण काढणार?

“अण्णा, ही कोणी काढली?”

म्हातारा मालक घाबरला. “स्वल्प बसा, सार,” म्हणाला आणि सगळे सांगून टाकले. टर्नर काम मागायला आला होता, पण काम नव्हते. ‘पगार नको, हाताची सवय सुटू नये एवढ्यासाठी जुना लेथ वापरू द्या,’ म्हणाला. तीन वर्षे तो भंगार पितळेवर हात चालवत होता. कधी जास्तीचे काम आले तर चार पैसे मिळत. हजेरीत नाव न लावता माणूस ठेवला म्हणून कारखाना तपासनीस परवाना काढून घेईल, ही मालकाची भीती.

ठाण्यात परतलो. तो बाकावर तसाच बसून होता. “मला का नाही सांगितलंत?” मी विचारले.

“त्यांनी मला तीन वर्षं यंत्राला हात लावू दिला, साहेब. माझी नोकरी लागावी म्हणून त्यांचा कारखाना बंद पाडू?”

मी लिहिले, ‘सदर काळात पगारी नोकरी नव्हती. स्वतःच्या धंद्याचा सराव करीत होता. आक्षेपार्ह काही आढळले नाही.’ कारखान्याचे नाव लिहिले नाही. नियमाने लिहायला हवे होते. पोस्टकार्ड कोणी टाकले, ते मी शोधले नाही.

रिकामा माणूस दिसला की पोलीस आधी त्याचे खिसे तपासतो. मीही तेच करत आलो होतो. त्यानंतर बेकारीचा काळ असलेला कागद आला की ‘कुठे होतात’ याआधी ‘कसे निभावलेत’ असे विचारू लागलो.

रुजू झाल्याच्या संध्याकाळी तो ठाण्यावरून जाताना आत आला. हात कसा चालला, विचारले.

“हात चालला, साहेब. पण सुटीचा भोंगा झाला तरी फाटकाबाहेर पाय निघेना. उद्या पुन्हा आत घेतील न्हवं?”